हवेची दांडी

आमच्या ह्यांचा उजवा अंगठा एका म्हशीने घेतला. सोनगीरच्या अलीकडे एका खेड्यात हे देवी टोचायला गेले होते. तिथल्या एका बाप्याने पोराला घरातून आणायला जाताना म्हशीचं दावं ह्यांच्या हातात दिलं. म्हणाला, "डॉक्टर, एवढं धरा." आणि ह्यांनी धरलं! अंगात सरकारी कोट आणि अंगठ्याला दाव्याचं वेटोळं, असे हे उभे. आत पोराने भोकाड पसरलं, तशी म्हैस उधळली. अंगठा तुटला नाही, पण उरला तो शोभेला. वाकेना, दाबेना, सुपारीचं खांडसुद्धा धरेना. दवाखान्यात मी पहिलं काय बोलले असेन तर, "अहो, दावं कशाला धरलंत?" हे म्हणाले, "तो म्हणाला, धरा." असा माणूस.

लिहिण्याची पंचाईत झाली नाही, हे महिन्याभरात डाव्या हाताने लिहायला आणि टोचायला लागले. पंचाईत झाली ती मोटारसायकलची. ती आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. विलायती, आणि ह्यांच्या आधी तीन धन्यांनी हाकललेली. तिच्या हँडलच्या उजव्या मुठीपाशी दोन छोट्या दांड्या होत्या, एक पेट्रोलची आणि एक हवेची. दोन्हींच्या तारा खाली कार्बोरेटरमध्ये जायच्या. आता पोरं मूठ पिळतात आणि गाडी पळते, त्यांना वाटतं जगाच्या सुरुवातीपासून असंच आहे. छे! तेव्हा पेट्रोल किती आणि त्याला हवा किती, हे बसणाऱ्याने ठरवायचं, आणि तेही घडोघडी, अंगठ्याने. सपाटीवर एक माप, चढावर दुसरं. डोंगरावर तिसरंच, कारण वर हवा पातळ. खाली जेवढी दांडी उघडून भागतं तेवढी वर पुरत नाही, आणि पेट्रोल मात्र आपलं तेवढंच येत राहतं. मग चुलीत लाकडं कोंबल्यावर होतं तसं होतं. काळा धूर, खोकला, आणि गाडीचा दम जातो. हवा वाढवली की पुन्हा ठणठणीत.

हे सगळं ह्यांचा अंगठा आपोआप करायचा. विचारलं असतं तर ह्यांना सांगता आलं नसतं.

ह्यांची फिरती म्हणजे धुळ्यापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत. हुद्दा देवी टोचणाऱ्यांवरच्या इन्स्पेक्टरचा, पण हे स्वतःच टोचायचे आणि लोक 'देवीडॉक्टर' म्हणायचे. शहाद्याच्या पुढे डोंगर चढून तोरणमाळच्या अंगाला जे पाडे आहेत, तिथे ह्यांचा जीव. दुसरा कुणी कोटवाला आला की तिथल्या बाया पोरं घेऊन झाडीत पळायच्या. ह्यांची फटफट ऐकली की उलट पोरं घेऊन वाटेवर यायच्या. हे त्यांच्या बोलीत दोन-चार शब्द बोलायचे, सगळे चुकीचे, आणि त्या हसून हसून वाकायच्या. बारा वर्षांत ह्यांनी एवढं एकच कमावलं होतं, आणि ते त्यांना फार होतं.

अंगठा गेल्यावर कचेरीतून निरोप आला, की डोंगराकडे आता दुसरा माणूस नेमू, तुम्ही धुळ्यात बसून कागद बघा. निरोप काही वाईट मनाने आला नव्हता. पण हे दोन दिवस जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, उन्हातान्हात भटकणं वाचलं." मी म्हटलं, "तुम्ही जरा गप्प बसा." सासूबाईंना मी असं आयुष्यात दोनदाच म्हणाले, त्यातलं हे पहिलं.

ह्यांनी कचेरीकडून तीन महिने मागून घेतले. तेवढ्यात डोंगराची फेरी पूर्वीसारखी जमवून दाखवली तर डोंगर ह्यांचा, नाही तर कागद.

आता आबा. आबा हे मिस्तरी. सरकी निघते त्या जिनातलं ऑइल इंजिन सांभाळायचे आणि संध्याकाळी आग्रा रोडवर घराच्या ओट्यावर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचे. धुळ्यात तेव्हा मोटारसायकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्या सगळ्या आबांच्या हाताखालून गेलेल्या. हाताला सोनं होतं त्यांच्या, पण डोक्यात जीन. जिनात कपाशीचा लोड वाढला की इंजिनाला तेल जास्त द्यायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ह्यांनी अडचण सांगितली तसे म्हणाले, "फिकर नका करू डॉक्टर. चढले जास्त चारा टाकना पडस." आणि त्यांनी काय केलं? हवेची दांडी तारेने एका जागी बांधून टाकली, आणि कार्बोरेटरच्या आत जो पितळी जेट असतो, ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं, त्याचं भोक दाभणाने मोठं केलं! म्हणजे डोंगरावर गाडी भुकेली राहायला नको.

धुळ्यात फिरवली तर बरी चालली. हे खूष, आबा खूष. पाचव्या दिवशी हे डोंगरातून परत आले ते बैलगाडीतून. मागे मोटारसायकल आडवी घातलेली, आणि ह्यांचं तोंड कोळशाच्या वखारीतून उठून आल्यासारखं. गाडी दुसऱ्या वळणावरच काळं ओकायला लागली होती. मला हसू आवरेना. खरं सांगते, नवऱ्याची ती दशा बघून मी पदर तोंडात कोंबून हसले. मग ह्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि हसू पोटातच राहिलं.

आबांनी ओट्यावर बसून प्लग काढला. काजळीने माखलेला, हात लावला की बोट काळं.  मग कपाळावर हात मारून म्हणाले, "ओ माय! हिले भूक नही लागेल, हिले अजीर्ण झायेल शे!" चूक कबूल करायला त्यांना लाज नव्हती, म्हणून तर मला ते आवडायचे. त्यांनी दुसरा जेट बसवला, हवेची दांडी मोकळी केली. पण ती हलवणार कोण? पेट्रोलची दांडी हे तळहाताने कशीबशी ढकलायचे, ब्रेक बोटांनी धरायचे. हवेला अंगठाच पाहिजे होता.

तेव्हा आबांनी एक कारागिरी केली. हवेची तार लांब केली आणि दांडी काढून मागच्या बैठकीपुढे जी लोखंडी मूठ होती, तिच्यावर बसवली. म्हणाले, मागे कुणीतरी बसवा आणि हवा त्याच्या हाती द्या. ह्यांनी इकडे तिकडे बघितलं. शिपाई गाडीवर बसायला घाबरायचा. धाकटे दीर मुंबईला. मी दारात उभी होते, हातात कणकेचं ताट. मी म्हटलं, "मी बसते."

काय गहजब झाला म्हणता! नऊवारी नेसलेली बाई, एका अंगावर बसून, भर आग्रा रोडने फटफटीवर. आळीतल्या बाया गच्चीवर येऊन बघायच्या. कुणी म्हणालं, डॉक्टरीणबाईंना आता टोपी द्या एक. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण मुलं सांभाळायला तेवढं हूं म्हणाल्या. आणि मी? लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत मी माहेर, सासर, एरंडोलजवळचं पद्मालय आणि एकदा चाळीसगावचं लग्न, एवढं जग बघितलं होतं. पहिल्या दिवशी सोनगीरचा किल्ला डाव्या हाताला मागे पडला तेव्हा मला रडू आलं. आनंदाने आलं, दुसरं काही नाही.

सुरुवातीला हे ओरडून सांगायचे. "हवा!" मी दांडी ओढायची. "अगं, एवढी नाही!" मी मागे घ्यायची. "कमी झाली!" वाऱ्यात अर्धं ऐकू यायचं नाही, आणि जे यायचं त्याने माझं डोकं फिरायचं. तापीपाशी पोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी अबोला धरलेला असायचा. नदी ओलांडायच्या तरीवर मोटारसायकल चढवायची, पलीकडे उतरवायची, आणि मुकाट्याने पुढे. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एक गंमत झाली. हे ओरडायच्या आधीच माझा हात हलायला लागला. गाडी जड बोलायला लागली की ते मला पायापासून कळायचं. हवा जास्त झाली तर ती शिंकायची, कमी झाली तर गुरगुरायची. मधला आवाज एकच, भरल्या पोटाचा. तो पकडायचा आणि तिथे धरून ठेवायचा. चढावर प्रत्येक वळणाला केसभर उघडत न्यायचं. माथ्यावर पोचलो की दांडी पार टोकाला गेलेली असायची. तिथे तळ्याकाठी बसून आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचो. खाली धुळ्यात अंगाची लाही, आणि वर पाठीवर शाल घ्यावी अशी हवा. मोहाचा वास. गरम ऑइलचा वास. ह्यांच्या कोटाचा वास. आज तिन्ही नाहीत, आणि तिन्ही मला हवेत.

पाड्यावरच्या बाया मला बघून आधी गप्प झाल्या, मग एकीने येऊन माझ्या हाताला लागलेली काजळी स्वतःच्या पदराने पुसली. पोरं टोचून घेताना मी आयांचा हात धरायची. ह्यांचं काम दुप्पट वेगाने व्हायला लागलं. तीन महिने संपले, कचेरीने मान डोलावली, डोंगर ह्यांच्याकडे राहिला. दीड वर्ष आम्ही दोघं मिळून एक कार्बोरेटर चालवला.

पण ह्यांना ते टोचत होतं. कधी बोलायचे नाहीत, पण कुणी गाव-पाटील हसून विचारायचा, "डॉक्टर, वहिनींशिवाय गाडी हलत नाही का?" तेव्हा ह्यांचा कान लाल झालेला मला मागून दिसायचा. पुरुषाला स्वतःच्या हाताने स्वतःची गाडी नेता येऊ नये, हे ह्यांना आत कुठेतरी खुपत होतं. म्हणून ह्यांनी मुंबईला दिरांना लिहून एक नवा कार्बोरेटर मागवला. एका मुठीचा. मूठ पिळली की हवा आणि पेट्रोल दोन्हींचं माप तो आपणच जुळवणार. अंगठ्याचं कामच नाही.

आबांनी तो उलटसुलट करून बघितला. म्हणाले, सपाटीवर हा राजा आहे, पण डोंगर याला कळणार नाही. खाली जुळवलेलं माप तो वरही तेच देणार. त्याला उपाय एकच, जेट बदलायचे. सोबत लहान-मोठ्या भोकांचे चार जेट आले होते. एक धुळ्याचा ठेवायचा आणि डोंगराच्या पायथ्याला उतरून त्याहून बारीक भोकाचा बसवायचा. कोणता, ते वर जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि बघायचं कसं, तेही आबांनी ठरवून दिलं. ऐन चढावर गाडी एकदम बंद करायची, तिथल्या तिथे प्लग काढून फडक्यात गुंडाळायचा आणि दुसरा प्लग लावून परत यायचं. तोच प्लग लावून खाली आलं तर वाटेत त्याचा रंग बदलतो, मग तो खोटं बोलतो. फडक्यातला प्लग काळा निघाला तर अजीर्ण, पांढरा निघाला तर उपास, भाजल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा निघाला तर बरोबर.

आम्ही तिघं गेलो. आबा जिनातून दोन दिवसांची रजा काढून, मोटारीने शहाद्यापर्यंत. पायथ्याशी एकेक जेट लावायचा, वर जायचं, यायचं. मी मागे बसले होते, पण हाताला काम नव्हतं. लोखंडी मूठ नुसती धरून. पहिल्या जेटला प्लग काळा आला, दुसऱ्याला काळपट. तिसऱ्या जेटला गाडी वळणं अशी चढली की मला शेवटपर्यंत एकदाही खोकला ऐकू आला नाही.

आबांनी दोन प्लग हातात धरले. एक जुन्या कार्बोरेटरवरचा, माझ्या हाताने जुळवलेला, आणि एक हा. दोन्ही चांगले. म्हणाले, "वैनी, मना कान आते जिनमा ऱ्हाईसन गयात. तुमीच सांगा. जुना का नवा?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडावर अशी आशा, की परीक्षेचा निकाल ऐकायला आलेला पोरगा बरा. आणि मला सगळं दिसत होतं. नवा म्हटलं तर उद्यापासून मी धुळ्याच्या स्वयंपाकघरात. तळं नाही, तापी नाही, पदराने हात पुसणारी ती बाई नाही. जुना म्हणायला काय लागत होतं? दोन अक्षरं. आबा माझ्या कानावर विश्वास ठेवून बसलेले. एवढंच म्हणायचं, की नव्यात वर जरा घरघर येते. कुणालाही कळलं नसतं.

मी म्हटलं, "नवा. नवाच चांगला आहे." आणि उगाचच चिडून म्हटलं, "ढळढळीत चांगला आहे, विचारायचं काय त्यात?"

पुढच्या सोमवारी हे एकटे निघाले. मी एका माणसाच्या भाकऱ्या बांधल्या. हे फडकं हातात घेऊन म्हणाले, "एवढ्याच?" मी म्हटलं, "तुम्ही एकटेच ना?" ह्यांनी फडकं पिशवीत टाकलं, मूठ पिळली आणि गेले. आवाज इतका छान होता, की माझ्या मनात आलं, निदान वळणावर तरी एकदा खोकायचंस. मग दिवसभर मी सगळ्यांवर डाफरले. मुलांवर, गवळ्यावर, भाजीवालीवर. ज्वारी निवडायला घेतली आणि खड्यांपेक्षा ज्वारीच जास्त फेकली. सासूबाईंनी सूप हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा, पड जरा." त्या मला असं कधी म्हणायच्या नाहीत.

तीन दिवसांची फेरी, पण हे दुसऱ्या दिवशी दुपारीच परत. मी धावत दारात, मागून सासूबाई. हे टोपी काढून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "नाही जमत."

"काय नाही जमत?"

"वर गेली की गळपटते. काळा धूर. दुसऱ्या वळणावरून मागे फिरलो. प्लग पार काळा. आबांना सांगतो, जुनाच परत बसवा."

 माझाच कान चुकला होता म्हणायचा! माझ्या सांगण्यावरून हे एकटे गेले आणि पुन्हा फजिती पदरात घेऊन आले. मला इतकी शरम वाटली, की पाणी द्यायचंही सुचलं नाही. हे हातपाय धुवायला मागे गेले. मी ह्यांची पिशवी रिकामी करायला घेतली. भाकरीचं फडकं निघालं, अर्धी भाकरी तशीच. लसीची पेटी निघाली. तळाशी दुसरं एक फडकं होतं, घट्ट गुंडाळलेलं. वरचा प्लग. सवयीने काढून आणलेला.

मी सोडून बघितला. भाजल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा. कुठे काजळीचा ठिपका नाही. मी बोट फिरवलं, बोट स्वच्छ. गाडी माथ्यापर्यंत गाणं म्हणत गेली असणार.

 ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. कुणी दावं दिलं तर धरतो, कुणी विचारलं तर खरं सांगतो. पाटील काय म्हणेल, कान किती लाल होईल, हे सगळं ह्यांना माहीत होतं. तरी हे घरी येऊन माझ्या तोंडावर, आईच्या देखत, धडधडीत खोटं बोलले होते.

बाहेर आबांचा आवाज आला. गाडी परत आली ऐकून जिनातून तसेच आले होते, हाताला तेल. "डॉक्टर, वरना प्लग दाखा भो," ते म्हणत होते. हे मागच्या दारातून लगबगीने आले, ओले हात तसेच. माझ्यापुढे उघडं फडकं बघितलं आणि जागच्या जागी थांबले.

मी प्लग मुठीत घेतला आणि पुढच्या दारात गेले.

"फेकला मी, आबा," मी म्हटलं. "हात लावायच्या लायकीचा नव्हता, इतका काळा. जुनाच बसवा."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे ह्यांच्याकडे.  पाना काढला आणि खाली बसले.

हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले.  मग हळूच म्हणाले, "परवा उजाडता निघू. आणि चढावर हवा जरा आधीपासून उघडत जा, मागच्या खेपेला कमी पडली होती."

"काही कमी पडली नव्हती," मी म्हटलं.